लेबल झाका, मग गुण द्या

'निबंध मीच तपासणार' असं प्रस्तावात लिहिलं, की प्रश्न येतोच: तुमच्या गुणांवर विश्वास का ठेवायचा? याचं उत्तर वाईन चाखणाऱ्यांकडून शिकण्यासारखं आहे.

पॅरिसमध्ये वाईनचं दुकान चालवणारे स्टीव्हन स्परियर यांनी २४ मे १९७६ रोजी नऊ फ्रेंच परीक्षकांना कॅलिफोर्निया आणि फ्रान्सच्या वाईन चाखायला दिल्या, पण नावं झाकून. रेड वाईनमध्ये पहिली आली कॅलिफोर्नियाची, स्टॅग्ज लीपची १९७३ ची. लेबल दिसत असतं तर? शंकाच आहे.

पण नुसतं झाकून भागत नाही. रॉबर्ट हॉजसन यांचा २००८ चा अभ्यास बघा. कॅलिफोर्नियातल्या एका स्पर्धेत परीक्षकांना एकाच बाटलीतली वाईन न सांगता तीनदा दिली. तिन्ही वेळा जवळपास सारखे गुण देणारे निघाले दहात एक!

आता आपल्याकडे या. समजा, लातूर आणि नांदेडच्या अकरावीच्या मुलांचे निबंध तपासायचेत. लातूर म्हटलं की 'लातूर पॅटर्न' आठवतो आणि हात सैल सुटतो. म्हणून दोन गोष्टी करा.

१) निबंध टाईप करून घ्या, नाव-गाव काढून क्रमांक टाका. यादी मित्राकडे ठेवा.
२) दहा-पंधरा निबंध नव्या क्रमांकानं त्याच गठ्ठ्यात पुन्हा मिसळायला सांगा.

एकाच निबंधाला तुम्ही आधी १२ आणि नंतर १७ देत असाल, तर दोन जिल्ह्यांतला तीन गुणांचा फरक मुलांचा की तुमचा, हे सांगताच येणार नाही. ही तपासणी मुख्य कामाआधीच करा.