सहाव्या हिश्शाचे इंजिन

मोठ्या मोटारीच्या इंजिनाचा प्रत्येक भाग सारख्याच प्रमाणात लहान करून जोडला तर ते लहान इंजिन मोठ्यासारखेच चालेल की नाही, आणि न चालले तर दोष कारागिराच्या हाताचा मानावा की भूमितीचा, असा प्रश्न एका वाचकाने पत्राने विचारला आहे. प्रश्न मार्मिक आहे. त्याचे उत्तर दोन शब्दांत द्यायचे तर दोष भूमितीचा. परंतु दोन शब्दांत उरकावे असे हे प्रकरण नाही, कारण याच भूमितीने एकदा अठराव्या शतकातील एका तरुण कारागिराला कोड्यात पाडले आणि त्या कोड्यातून जगाच्या अर्थकारणाचे रूप पालटले.

ज्यांना हा प्रश्न कागदावर न सोडवता पितळेत आणि पोलादात सोडवलेला पाहावयाचा असेल, त्यांच्यासाठी अमेरिकेत, दक्षिण कॅलिफोर्नियातील कार्ल्सबाड या गावी, एक संग्रहालय आहे. जो मार्टिन या कारखानदाराने ते उभे केले. शेजारच्या व्हिस्टा गावी त्यांचा ‘शेरलाइन’ नावाचा कारखाना, आणि त्यात तयार होणारा माल म्हणजे टेबलावर मावतील अशी लेथ व मिलिंग यंत्रे. लेथ विकणाऱ्याने लेथीवर केलेल्या कामाचे प्रदर्शन मांडावे यात जाहिरातीचा वास येणे स्वाभाविक आहे, आणि तो पुरता खोटाही नव्हे. तथापि चित्रकाराला आणि शिल्पकाराला जो मान व जे नाव मिळते, ते धातूवर तितक्याच निष्ठेने आयुष्य वेचणाऱ्या माणसाला मिळत नाही, ही मार्टिन यांची तक्रार खरी होती. प्रतिवर्षी एका धातुकारागिराचा सन्मान करण्याचा त्यांच्या प्रतिष्ठानाचा परिपाठ हे त्या तक्रारीचेच फळ.

या संग्रहालयात एका दंतवैद्याने अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यातून, आतल्या फासळ्यांसकट घडविलेली दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमाने आहेत. ती मूळ विमानांच्या सोळाव्या हिश्शाची आहेत. परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची वस्तू आहे ती 1932 सालच्या ‘ड्यूसेनबर्ग एसजे’ मोटारीची सहाव्या हिश्शाची प्रतिकृती. मूळ गाडी त्या काळच्या धनिकांचा अभिमानविषय: ओळीत आठ सिलिंडर, प्रत्येकास चार झडपा, आणि सर्वांची मिळून धारणक्षमता सुमारे 6.9 लिटर. प्रतिकृतीचे सुटे भाग सहा हजारांहून अधिक भरतात, ती पुरी होण्यास दहा वर्षांच्या आसपास काळ लागला, आणि मुख्य गोष्ट अशी की तिचे इंजिन शोभेचे नाही, ते चालते.

आता हिशेब पाहू. लांबी सहाव्या हिश्शावर आणली की क्षेत्रफळ छत्तिसाव्या हिश्शावर येते आणि घनफळ दोनशे सोळाव्या. म्हणजे मोठ्या इंजिनाचे 6.9 लिटर उतरून हिशेबाने सुमारे 32 घन सेंटिमीटर उरतात, आणि एका सिलिंडरच्या वाट्याला जेमतेम 4. जळणारे इंधन घनफळाच्या प्रमाणात घटले, पण उष्णता शोषून घेणाऱ्या भिंती केवळ क्षेत्रफळाच्या प्रमाणात घटल्या. त्यामुळे इंधनाच्या प्रत्येक थेंबामागे भिंतींचा वाटा सहापट झाला. पातेल्यातले दूध तासभर ऊन राहते आणि चमच्यातले तोंडापाशी नेईपर्यंत निवते, त्यातला हा प्रकार. सिलिंडर आणखी लहान करीत गेले तर एक मर्यादा अशी येते की ज्योत पेटूनही टिकत नाही. अरुंद फटीत ज्योतीची उष्णता भिंती हिरावून घेतात आणि ती विझते. खाणकामगारांसाठी हम्फ्री डेव्हीने 1815 साली जाळीचा दिवा केला तो याच तत्त्वावर. डेव्हीला जे वरदान वाटले, तेच लहान इंजिन करणाऱ्याला विघ्न होऊन आडवे येते.

दुसरी पंचाईत अशी की कारागीर पोलाद लहान करू शकतो, पेट्रोल लहान करू शकत नाही. पेट्रोलच्या थेंबाचा आकार त्याच्या पृष्ठताणावर ठरतो, हवेचा चिकटपणा हवेच्या रेणूंवर ठरतो, वंगणाच्या थराची जाडी तेलाच्या गुणावर ठरते. यांपैकी एकालाही आपण सहाव्या हिश्शाच्या यंत्रात वावरत आहोत याची दाद नसते. कार्ब्युरेटरचे मूळ छिद्र सहाव्या हिश्शाचे केले तर त्यातून इंधन वाहण्याऐवजी अडखळते. स्पार्क प्लगमधील चिनी मातीचे आवरण सहाव्या हिश्शाचे केले तर विजेची ठिणगी टोकाशी न पडता आवरणच फोडून भलतीकडे जाऊ पाहते. आणि मोठ्या दट्ट्याभोवती मिलिमीटरच्या विसाव्या भागाची मोकळीक चालत असेल, तर लहान्याला ती हजाराव्या भागाच्या आठपटीत बसवावी लागते. म्हणून असली इंजिने बाहेरून मूळ यंत्राची हुबेहूब नक्कल असतात, आतून मात्र बऱ्याच अंशी नवी रचना. ज्याला आपण नक्कल म्हणून कौतुकाने हसतो, ते वस्तुतः संशोधन असते.

निसर्गाने नुकसानीच्या बदल्यात काही भरपाईही दिली आहे, हे नमूद करणे न्यायाचे होईल. गॅलिलिओने 1638 साली दाखवून दिले की आकार वाढला की वजन ताकदीपेक्षा झपाट्याने वाढते. तोच नियम उलट वाचला तर लहान वस्तू आपल्या वजनाच्या मानाने बळकट ठरते. यामुळे लहान इंजिनाचे दांडे आणि दट्टे मोठ्या इंजिनाला चक्काचूर करतील असे फेरे सहज सोसतात.

आता त्या तरुण कारागिराकडे वळू. केटलीचे झाकण उडताना पाहून जेम्स वॉटला वाफेच्या इंजिनाची कल्पना सुचली, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या गळी उतरवली आहे, आणि ती गोड असली तरी तिच्यात तथ्य नाही. कारण वॉटच्या जन्माआधीच, 1712 साली, न्यूकोमेनचे वाफेचे इंजिन डडली किल्ल्यानजीकच्या खाणीतून पाणी उपसू लागले होते. खरी हकीकत अधिक रंजक आहे. ग्लासगो विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकविणारे प्राध्यापक जॉन अँडरसन यांच्या वर्गासाठी न्यूकोमेनच्या इंजिनाचा एक लहान नमुना होता. तो धड चालत नसे म्हणून लंडनच्या सिसन या नामांकित उपकरणकाराकडे दुरुस्तीस धाडला होता, आणि तो तेथेच इतका रेंगाळला की अखेर 1760 साली विद्यापीठाला तो परत मिळविण्यासाठी दोन पौंडांपर्यंतच्या खर्चाची मंजुरी द्यावी लागली. नमुना परत आला तो होता तसाच. 1763–64 च्या हिवाळ्यात अँडरसन यांनी तो विद्यापीठाच्याच आवारात दुकान थाटलेल्या वॉटच्या सुपूर्द केला.

दोन इंच व्यासाचा पितळी सिलिंडर, दट्ट्याची सहा इंचांची फेक, आणि दिसायला भरपूर मोठा बाष्पक. वॉटने दुरुस्ती केली, जाळ लावला, आणि यंत्र काही फेरे घेऊन दम लागल्यासारखे थांबले. दुसरा कोणी असता तर नमुना वाईट आहे असा शेरा मारून मोकळा झाला असता. वॉटने मात्र वाफ मोजली. न्यूकोमेनच्या रचनेत दर फेऱ्याला तापलेल्या सिलिंडरमध्ये थंड पाण्याची चिळकांडी सोडून वाफेचे पाणी करीत, आणि पुढच्या फेऱ्याला तोच निवालेला सिलिंडर पुन्हा तापवावा लागे. वाफेचा मोठा हिस्सा सिलिंडर भरण्यात नव्हे, तर धातू तापवण्यात खर्ची पडत असे. खाणीवरच्या अवाढव्य यंत्रातही ही उधळपट्टी होतच होती. परंतु तेथे घनफळाच्या मानाने भिंती कमी, आणि खाणीच्या तोंडाशी कोळसा जवळजवळ फुकट. त्यामुळे पन्नास वर्षे कोणाच्या डोळ्यांवर ती आली नाही. लहान नमुन्यात भिंतींचा वाटा कित्येक पटींनी वाढला, आणि झाकलेला दोष उघडा पडला.

वॉटने प्रथम जवसाचे तेल पाजून भाजलेल्या लाकडाचा सिलिंडर करून पाहिला. त्याने वाफ काही अंशी वाचली, पण रोग गेला नाही. मग 1765 च्या वसंतात, एका रविवारी ग्लासगोच्या मैदानावर फिरताना त्याला सुचले की वाफेचे पाणी त्याच सिलिंडरमध्ये करण्याची सक्ती मुळी आहेच कुठे. तिला शेजारच्या वेगळ्या, सदैव थंड राहणाऱ्या पात्रात नेऊन तिचे पाणी करावे आणि सिलिंडर सदैव तप्त ठेवावा. या युक्तीची सनद 1769 साली झाली. तो नमुना आजही ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयात आहे.

या हकीकतीत वॉटची आणि त्याचा मित्र जोसेफ ब्लॅक याची आठवण सर्वांना असते, अँडरसन यांची मात्र क्वचितच कोणाला. परंतु पदार्थविज्ञान फळ्यावर नव्हे तर चालत्या यंत्रावर शिकवावे असा आग्रह धरणारे आणि मोडका नमुना वर्षानुवर्षे न विसरता त्याचा पाठपुरावा करणारे ते होते. संध्याकाळचे वर्ग त्यांनी शहरातील कामगारांना, कामाच्या कपड्यांनिशी येण्याची मुभा देऊन, खुले केले; आणि 1796 साली निधन पावताना मृत्युपत्राने जी शिक्षणसंस्था स्थापण्याची तजवीज केली, तिचाच वंशज म्हणजे आजचे स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठ. माझ्या मते त्या नमुन्याशेजारी त्यांचेही नाव तितक्याच ठळक अक्षरांत असावयास हवे.

लहान यंत्रांविषयी मोठमोठी भाकिते करण्याची हौस आपल्या काळाला फार आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात अमेरिकेतील एमआयटी या तंत्रशिक्षणसंस्थेत सदऱ्याच्या बटणाएवढे वायुचक्र करण्याचा उद्योग सुरू झाला आणि आता विजेरीचे दिवस भरले असे बोलले गेले. विजेरी अद्याप आपल्या खिशात आहे, आणि भिंतींनी उष्णता हिरावण्याचा नियमही जागेवर आहे. 1959 साली भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी आपल्या गाजलेल्या व्याख्यानात एक इंचाच्या चौसष्टाव्या भागाएवढ्या घनात मावणारी विजेची मोटर करणारास एक हजार डॉलर इनाम जाहीर केले. हेतू हा की त्यासाठी कोणाला तरी अगदी नवे तंत्र शोधावे लागेल. पुढल्याच वर्षी विल्यम मॅक्लेलन हा अभियंता एक मोठे खोके घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिला. आणखी एक विक्षिप्त इसम आला, असे फाइनमन यांना वाटले; पण खोक्यातून सूक्ष्मदर्शक निघाला तेव्हा ते चपापले. चिमटा, घड्याळजीची लेथ आणि दात कोरायच्या काडीचे टोक एवढ्या जुन्या सामग्रीवर मॅक्लेलनने तेरा भागांची, जेमतेम 0.4 मिलिमीटर बाजूची चालती मोटर केली होती. फाइनमन यांनी इनाम दिले, थोड्याशा निराशेनेच. अतिसूक्ष्म तंत्रज्ञानाचे गोडवे गाणारे लेख त्या व्याख्यानाचा उल्लेख हटकून करतात आणि मॅक्लेलनला बहुधा वगळतात. त्याच्या हाताने एक सुंदर सिद्धांत बिघडवला, हे त्याचे कारण असावे.

‘जगातील सर्वांत लहान’ अशा विक्रमांची मला फारशी मातब्बरी वाटत नाही. भिंगाखाली निश्चल पडलेल्या यंत्रापेक्षा धूर सोडीत, तेल ठिबकवीत चालणारे सहाव्या हिश्शाचे यंत्र मी केव्हाही श्रेष्ठ मानीन. आणि असे यंत्र करू शकणारे हात कॅलिफोर्नियातच आहेत असे नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि इचलकरंजीच्या कारखान्यांत असे टर्नर आणि फिटर आहेत, की ज्यांच्या कसबाची वार्ता कारखान्याच्या फाटकाबाहेर कधी जात नाही. तेथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी आणि कारखानदारांच्या संघांनी एखादी प्रशस्त खोली, काचेची काही कपाटे आणि हवा दाबणारे एक यंत्र एवढ्याची सोय करावी, दरसाल चालत्या लहान यंत्रांची स्पर्धा लावावी, आणि प्रत्येक वस्तूखाली मालकाचे नव्हे तर ती घडवणाऱ्याचे नाव लिहावे. नवशिक्याने आरंभ डोलत्या सिलिंडरच्या वाफेच्या इंजिनापासून करावा. त्याला वेगळ्या झडपा लागत नाहीत, आणि बाष्पक नसला तरी ते दाबलेल्या हवेवर चालते.