सगळ्यात आधी पोचणाऱ्यांचं मन

पैनगंगेला पूर आला किंवा घाटात प्रवासी जीप उलटली, तर किनवट तालुक्यात सगळ्यात आधी कोण पोचतं? एनडीआरएफचं महाराष्ट्रातलं बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला, राज्याच्या एसडीआरएफचे जवान धुळ्याला आणि नागपूरला. नांदेड सव्वाशे किलोमीटरहून लांब, गंभीर रुग्णाला पुष्कळदा तेलंगणातलं आदिलाबादच जवळ पडतं. तेव्हा पहिले हात असतात ते पोलीस पाटलाचे, तलाठ्याचे, आशाताईचे, वनरक्षकाचे, ठाण्यातल्या शिपायाचे, 108 रुग्णवाहिकेच्या डॉक्टरचे आणि ड्रायव्हरचे. या माणसांच्या मनाविषयी आपण काही समजुती पक्क्या धरून बसलो आहोत, आणि त्यातल्या बऱ्याच चुकीच्या आहेत.

‘त्यांना काय, रोजचंच आहे, सवय होते.’ सवय हातांना होते. रक्त कसं थांबवायचं, स्ट्रेचर कसा उचलायचा, हे सरावाने जमतं. मनाचं तसं नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 2013 च्या निदान-पुस्तिकेत, अपघात स्वतःवर ओढवला नसला तरी असे प्रसंग कामापायी वारंवार पाहावे लागणं हेही मानसिक आघाताचं कारण मानलं आहे. मृतदेहांचे अवशेष गोळा करणाऱ्यांचं उदाहरण तिथे नाव घेऊन दिलेलं आहे. शहरातल्या कर्मचाऱ्याला निदान समोरचा माणूस अनोळखी असतो. इथे स्ट्रेचरवरचा पोरगा शेजारच्या तांड्यावरचा निघतो. 108 चा ड्रायव्हर (कागदोपत्री त्याला ‘पायलट’ म्हणतात) रुग्णाला उतरवून बादलीभर पाण्याने गाडीची फरशी धुतो, आणि ती वाळायच्या आत पुढचा कॉल येतो. पंचनामा, नोंदवही, डिझेल, सगळ्याचा हिशेब राहतो. त्या मधल्या दहा मिनिटांचा कुठेच राहत नाही.

याच्या अगदी उलटी समजूतही तितकीच चुकीची. भयंकर काही पाहिलं की माणूस कायमचा मोडतो, असं नाही. पहिले काही दिवस झोप न लागणं, तेच चित्र डोळ्यांपुढे येणं, चिडचिड होणं, हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं हळूहळू ओसरतं. म्हणूनच आघातोत्तर ताणविकाराचं निदान लक्षणं महिन्याहून अधिक टिकली तरच करतात. त्याआधीही काम थांबलं, घरात राहणं अवघड झालं किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार यायला लागले, तर मात्र महिना मोजत बसू नये.

‘एकदा सगळं बोलून टाक, मोकळा होशील.’ हे सांगणारे मनापासून सांगतात, पण सक्तीने बोलतं करण्याचा उपाय परीक्षेत टिकलेला नाही. 1980 च्या दशकात अमेरिकेत जेफ्री मिचेल यांनी बचावकर्मींसाठी घटनेनंतर लगेच एकत्र बसवून अनुभव वदवून घेण्याची पद्धत आणली आणि ती जगभर गेली. पुढे 2002 च्या कॉक्रेन आढाव्यात दिसलं, की असं एकाच बैठकीत बोलतं केल्याने ताणविकार टळत नाही, काहींना उलट त्रासच होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2011 च्या मार्गदर्शिकेतला मानसिक प्रथमोपचार साधा आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. चहा द्या, घरी फोन लावून द्या, तो बोलला तर ऐका. नाही बोलला तर त्याला राहू द्या.

‘थोडी घेतली की झोप लागते.’ लागते, पण मध्यरात्रीनंतर तुटते. एवढंच पुरे.

‘डॉक्टरकडे गेलो तर नोकरीत शिक्का बसेल.’ ही भीती निव्वळ खुळी नाही. ठाण्यात, डेपोत कुजबुज होतेच. पण कायदा या कर्मचाऱ्यांच्या बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार उपचाराची माहिती गुप्त राखणं बंधनकारक आहे आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. दुकानातून परस्पर आणलेल्या झोपेच्या गोळ्यांचं लागू शकतं.

मराठवाड्याला हे नवं असायला नको. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत भूकंपाचे ढिगारे उपसणारे पहिले लोक वाचलेले शेजारीच होते. त्या भूकंपानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने लोकांच्या मानसिक आरोग्यावर प्रकल्प राबवला. प्रमुख संशोधक होते डॉ. मोहन आगाशे.

सगळ्यात घातक समजूत म्हणजे खंबीरपणा हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा भाग आहे, ही. कामाची पाळी वेळेवर संपणं, मोठ्या घटनेनंतर एक रात्र सुटी मिळणं, सोबत अनुभवी जोडीदार असणं आणि वरिष्ठाने ‘जेवलास का?’ एवढं विचारणं, यावर तो फार अवलंबून असतो. शेतकऱ्यांच्या ताणासाठी राज्याचा ‘प्रेरणा प्रकल्प’ आहे. आशाताई घरोघर जाऊन झोप, भूक, निराशा यांचे प्रश्न विचारते. तोच कागद तिच्यापुढे कोण धरतं?

दर उन्हाळ्यात तहसीलला मान्सूनपूर्व आढावा बैठक होते. बोटी, दोर, लाइफ जॅकेट, बॅटऱ्या मोजल्या जातात. त्याच तक्त्यात आणखी एक रकाना घालावा: घटनेनंतर कोणाला, किती तासांची विश्रांती आणि ती कोण बघणार. रकाना येईल तेव्हा येईल. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत नंबर मात्र 10 ऑक्टोबर 2022 पासून चोवीस तास चालू आहे, तिथे मराठीत बोलता येतं, आणि तो वर्दीतल्या माणसासाठीही आहे.