केंटकीचे पंधरा एप्रिल

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलचा हंगाम राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्याबरोबर एप्रिलच्या आरंभी विधिवत् समाप्त होत असला, तरी केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन या शहरी २०१० ते २०२४ या काळात त्याच सुमारास एक दुसराच हंगाम सुरू होत असे. त्यात चेंडू नसे, पंच नसत, गुणफलक नसे, असे ती केवळ खेळाडूंची एक यादी आणि तिच्यातील कोण जाणार, कोण राहणार याविषयी केशकर्तनालयापासून विद्यापीठाच्या कचेरीपर्यंत चालणारे अखंड तर्कवितर्क. शिष्यवृत्त्या तेराच, हा तेव्हाचा नियम. एखाद्या मुलाने ड्राफ्टला, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीला, नाव दिले की एक जागा मोकळी, त्याने विचार बदलला की येऊ घातलेल्या नव्या गुणवंताची पंचाईत. वरकरणी हे गणित बेरीज-वजाबाकीचे होते. परंतु त्यातील प्रत्येक आकडा एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाच्या मनात, त्याच्या घरच्यांच्या गरजेत आणि दूर कुठे तरी बसलेल्या संघमालकांच्या कलात दडलेला असल्यामुळे ते सुटल्यासारखे वाटे आणि मुदतीच्या दिवशी पुन्हा चुके.

या अनिश्चिततेचे मूळ लेक्सिंग्टनमध्ये नव्हते. स्पेन्सर हेवूड या खेळाडूच्या खटल्यात १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाचा कौल त्याच्या बाजूने पडला आणि महाविद्यालयीन चार वर्षे पुरी होईपर्यंत व्यावसायिक खेळाची दारे बंद ठेवण्याचा एनबीएचा शिरस्ता मोडला. पुढे १९९५ साली केविन गार्नेट, १९९६ साली कोबी ब्रायंट आणि २००३ साली लेब्रॉन जेम्स शाळेच्या बाकावरून थेट व्यावसायिक मैदानावर उतरले. प्रत्येक शाळकरी मुलगा लेब्रॉन नसतो, हे ध्यानी आल्यावर मालकवर्गाने २००५ च्या करारात खेळाडूंच्या संघटनेशी तडजोड केली, ती अशी की ड्राफ्टच्या वर्षी खेळाडूचे वय एकोणीस भरलेले असावे आणि शाळा सुटून निदान एक वर्ष लोटलेले असावे. ही कलमे मालकांनी स्वतःचा पैसा वाचविण्यासाठी घातली. विद्यापीठांना कोणी विचारले नाही. परंतु परिणाम मात्र त्यांच्याच पदरी पडला, आणि एक वर्ष काढण्यापुरती तरुण गुणवंतांची धर्मशाळा होण्याची पाळी विद्येच्या त्या मोठमोठ्या पीठांवर आली.

प्रशिक्षक जॉन कॅलिपारी २००९ साली मेम्फिसहून केंटकी विद्यापीठात आले, ते या व्यवस्थेचे अंतरंग पुरते जाणून. डेरिक रोझ या एकाच वर्षाच्या विद्यार्थ्यास त्यांनी २००८ च्या ड्राफ्टमध्ये अग्रक्रमाने धाडले होते. इतर प्रशिक्षक जी गोष्ट खाजगीत करीत आणि चारचौघांत तिच्याबद्दल हळहळ व्यक्त करीत, ती कॅलिपारींनी उघडपणे आपले ध्येय म्हणून मांडली. २०१० च्या जूनमध्ये जॉन वॉल पहिला, डीमार्कस कझिन्स पाचवा, पॅट्रिक पॅटरसन चौदावा, एरिक ब्लेडसो अठरावा आणि डॅनियल ऑर्टन एकोणतिसावा, असे एकाच संघातले पाच जण पहिल्या फेरीत उचलले गेले, तेव्हा केंटकीच्या बास्केटबॉल-इतिहासातील हा सर्वश्रेष्ठ दिवस म्हणावा, असे त्यांनी बोलून दाखविले. जुने प्रशिक्षक ॲडॉल्फ रप यांच्या काळापासून सात राष्ट्रीय विजेतेपदे जपलेल्या त्या गावी हे उद्गार सहन होणे कठीणच होते; तोच संघ तीन महिन्यांपूर्वी वेस्ट व्हर्जिनियाकडून उपांत्य फेरीच्या उंबरठ्यावर पराभूत झाला होता आणि त्या सामन्यात दुरून मारलेले त्याचे पहिले वीस फटके वाया गेले होते, हे कोणी विसरले नव्हते. माझ्या मते मात्र कॅलिपारींचे ते बोलणे निदान प्रामाणिक होते. पोरे परीक्षेला बसत नाहीत म्हणून नाके मुरडणारे कितीएक सद्गृहस्थ हिवाळाभर त्याच पोरांच्या सामन्यांची तिकिटे चढ्या भावाने घेत होते.

या पंधरा वर्षांचा इतिहास गेलेल्यांच्या नावांनी लिहिण्याची प्रथा पडली आहे, आणि ती नावे दिपवून टाकणारी आहेत यात संशय नाही. पण मागे वळून हिशेब मांडू लागले की जमेच्या बाजूस ठळक दिसतात ती, ज्यांना गेलेच म्हणून लोकांनी यादीतून खोडले होते आणि जी तरीही राहिली, अशांची नावे. २०११ साली ब्रँडन नाइट गेला आणि आठवा निवडला गेला. टेरेन्स जोन्सही जाणार, असे जवळजवळ सर्वांनी धरून चालले होते. तो राहिला, डोरॉन लॅम्ब राहिला, आणि केंटकीतल्याच मेझव्हिल गावचा डेरियस मिलर चौथ्या वर्षासही हजर होता. अँथनी डेव्हिस आणि मायकेल किड-गिलख्रिस्ट हे नवागत या तिघांच्या जोडीला आले. २०१२ च्या अंतिम सामन्यात न्यू ऑर्लिन्स येथे कॅन्ससविरुद्ध डेव्हिसने दहा फटक्यांपैकी एकच टोपलीत घातला, आणि सोळा रिबाउंड व सहा अडवलेले फटके यांच्या बळावर सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळविला. परंतु ६७-५९ अशा त्या विजयात सर्वाधिक बावीस गुण कोणाचे, तर दुसऱ्या वर्षाच्या लॅम्बचे. त्याच उन्हाळ्यात डेव्हिस पहिला व किड-गिलख्रिस्ट दुसरा निवडला गेला, आणि पहिल्या दोन जागा एकाच विद्यालयास मिळण्याचा तो प्रथम प्रसंग ठरला. लोकांच्या स्मरणात तेवढेच राहिले.

पुढचे वर्ष याचा उलट दाखला होय. विजेत्या संघातील सहाच्या सहा मुख्य खेळाडू ड्राफ्टमध्ये गेले, नवी भरती झाली, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये फ्लोरिडाविरुद्ध नर्लेन्स नोएलच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटताच सांभाळून घेणारा जुना जाणता गडी कोणी उरला नाही. राष्ट्रीय स्पर्धेची दारे बंद झाली. दुय्यम स्पर्धेतला पहिला सामनाही घरी खेळता येईना, कारण रप अरीना त्या आठवड्यात राष्ट्रीय स्पर्धेच्याच सामन्यांसाठी बांधलेले होते. तेव्हा गतविजेते पेन्सिल्व्हेनियातील तीनेक हजार माणसांच्या एका लहानशा व्यायामशाळेत गेले आणि रॉबर्ट मॉरिस या विद्यालयाकडून ५९-५७ असे हरून परतले.

२०१४ चा एप्रिल तर्काच्या दृष्टीने सर्वांत गमतीचा. ॲरन आणि अँड्र्यू हे हॅरिसन जुळे बंधू, त्यांपैकी ॲरनने तर लुइव्हिल, मिशिगन आणि विस्कॉन्सिन यांच्याविरुद्ध लागोपाठ अखेरच्या क्षणी दुरून टोपली साधून संघास अंतिम सामन्यापर्यंत ओढत नेलेले. असली कीर्ती पदरी आल्यावर कोण थांबतो? पण दोघेही थांबले, विली कॉली-स्टाइनही थांबला. परिणामी पुढच्या हंगामात गुणी खेळाडूंची इतकी गर्दी झाली की कॅलिपारी पाच जण उतरवीत आणि थोड्या वेळाने ते सगळे काढून दुसरे पाच पाठवीत. ओळीने अडतीस सामने जिंकून तो संघ इंडियानापोलिसला पोहोचला आणि उपांत्य सामन्यात विस्कॉन्सिनने त्यास ७१-६४ असे रोखले. रोखणारा कोण? फ्रँक कामिन्स्की, आदल्या वर्षी जाण्याची संधी असूनही चौथे वर्ष पुरे करावयास राहिलेला. त्याचे वीस गुण आणि अकरा रिबाउंड. पाच दिवसांनी केंटकीच्या सात खेळाडूंनी एकाच पत्रकार-परिषदेत, एका रांगेत बसून, आपले प्रस्थान जाहीर केले. कार्ल-अँथनी टाउन्स पहिला निवडला गेला. पहिल्या पाचांत कायमचे स्थान नसलेला डेव्हिन बुकर तेरावा निघाला. आणि ज्याच्या तीन टोपल्यांनी आदले वर्ष गाजवले, त्या ॲरन हॅरिसनचे नाव दोन्ही फेऱ्यांत कोणी घेतले नाही.

त्यानंतरची वर्षे भराभर सांगता येतील. २०१६ पासून चाचणी-शिबिरात स्वतःची पारख करून घेऊन मागे फिरण्यास मुलांना दहा दिवसांची सवलत मिळाली, आणि पी. जे. वॉशिंग्टनने २०१८ साली तिचा लाभ घेऊन पुढच्या वर्षी बारावे स्थान मिळविले. २०२० साली तर जवळजवळ सारा संघच रिकामा झाला. पुढचा हंगाम नऊ विजय आणि सोळा पराजय, असा वाईट हंगाम केंटकीने १९२७ नंतर पाहिला नव्हता. आणि शेडन शार्प! जानेवारी २०२२ मध्ये तो दाखल झाला, सरावास येई, सामन्यांच्या वेळी साध्या कपड्यांत बाकावर बसे. पुढच्या वर्षी हाच संघ तारील, अशी गावाची खात्री. एक मिनिटही न खेळता तो ड्राफ्टला गेला आणि पोर्टलंडने त्यास सातवा उचलला. तर्कवितर्कांच्या त्या साऱ्या दप्तरात याहून विलक्षण कागद नसेल.

तोवर पायाच हलला होता. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावलौकिकावर पैसे मिळविण्याची मोकळीक झाली, विद्यालय बदलणेही सुलभ झाले. २०२१ च्या ड्राफ्टला मुदतीपूर्वी नाव देणारे साडेतीनशेच्या वर होते. २०२५ मध्ये ते शंभराच्या थोडेच पुढे गेले. मार्च २०२४ मध्ये ओकलंड विद्यापीठाच्या जॅक गोल्की या प्रौढ विद्यार्थ्याने दुरून दहा टोपल्या साधून केंटकीला पहिल्याच फेरीत घरी धाडले, आणि त्या पंधराव्या एप्रिलात, कोणाच्याही यादीत नसलेले असे, खुद्द कॅलिपारीच अर्कान्सासला निघून गेले. त्यांच्या जागी आलेले मार्क पोप १९९६ च्या विजेत्या संघातील गडी. त्यांच्या हाती गत हंगामातील एकही शिष्यवृत्तीधारक लागला नाही. कोणी ड्राफ्टला गेले, कोणी प्रशिक्षकामागे, कोणी अन्यत्र. ओक्लाहोमाहून आलेला ओटेगा ओवे त्यांनी उभारलेल्या संघात सर्वाधिक गुण करणारा ठरला. २०२५ च्या एप्रिल महिन्यात त्यानेही ड्राफ्टला नाव दिले, चाचणी दिली, अंतिम मुदतीच्या दिवसापर्यंत लेक्सिंग्टनला तिष्ठत ठेवले आणि नाव मागे घेतले. मात्र दुसऱ्या फेरीतल्या अनिश्चित करारापेक्षा विद्यालयातच अधिक मिळकत होऊ लागल्याने, तो का राहिला याविषयी फारसे तर्क लढवावे लागले नाहीत.