शुक्रवारची उपासना, ढाक्यात

परवा गटाच्या बैठकीत एकीनं विचारलं, "ताई, माझी लेक नर्स म्हणून परदेशी चाललीय. तिथं रविवारी चर्चला जाईल कुठं? भाषा येत नाही, कुणाची ओळख नाही." तिच्यासाठी आजचं बोलणं आहे. बाकीच्यांनीही ऐका, लेकी सगळ्यांच्याच लांब जायला लागल्यात.

मी परदेशी एकदाच गेले. मार्च 2023 मध्ये, बांगलादेशात. तिथले बचत गट बघायला आम्हा सहा सहयोगिनींना संस्थेनं नेलं होतं. गटाला तिथं समिती म्हणतात आणि हप्त्याला किस्ती. ती गोष्ट पुन्हा कधीतरी. सहा जणींत ख्रिस्ती मी एकटीच. त्यात निघायच्या तोंडावर आईच्या पोटाचं ऑपरेशन ठरलं, नेमकं शुक्रवारी, 3 मार्चला. आई म्हणाली, "तू जा, भाऊ आहे ना इथं." गेले, पण जीव सगळा इकडं.

ढाक्यात आमच्या मुक्कामी स्वयंपाकाला येणारी बाई ख्रिस्ती निघाली. गुरुवारी माझ्या पिशवीत बायबल बघून तिनं विचारलं, "दीदी, काल गिर्जाय जाबेन?" मी म्हटलं, काल कशी जाणार, काल तर आम्ही गावात होतो! मग दुभाष्यानं उलगडलं, बंगालीत काल म्हणजे उद्यासुद्धा. गिर्जा म्हणजे चर्च. हा शब्द पोर्तुगिजांकडून आलेला, आपल्या गोव्यातल्या इगर्ज शब्दाचा भाऊच.

पण चर्चला शुक्रवारी कसं? तर बांगलादेशात सुट्टी शुक्रवार-शनिवारची, रविवार कामाचा. ख्रिस्ती माणसं शंभरात एकसुद्धा नाहीत. त्यामुळं पुष्कळ मंडळ्या मुख्य उपासना शुक्रवारीच ठेवतात. आखातातल्या बऱ्याच देशांतही शुक्रवारच्या उपासनेला गर्दी असते. सौदी अरेबियात मात्र चर्चच नाही. मुलगी तिकडं जाणार असेल तर हे तिला आधी ठाऊक हवं. ज्या देशात चर्च आहेत तिथंही नियम असतात: आखाती देशांत उपासना चर्चच्या आवारात करायची, बाहेर पत्रकं वाटायची नाहीत, कुणाला धर्म सांगत फिरायचं नाही.

तर मी त्या बाईबरोबर गेले. पेटी-तबला आपल्यासारखाच. गाण्याचे शब्द कळत नव्हते, पण प्रभू, पिता, स्वर्ग, प्रार्थना हे शब्द कानावर पडले की वाट सापडायची. शेवटी आमेन तर सगळीकडे सारखंच. आणि उपासनेचा क्रमही ओळखीचा असतो: गीत, वाचन, प्रार्थना, दान, आशीर्वाद. प्रभूची प्रार्थना सुरू झाल्याचं मला सुरावरूनच कळलं. ती मी मराठीत म्हटली. कुणी वळून बघितलं नाही.

त्या दिवशी पुढं उभ्या होत्या त्या सगळ्या बायका. मार्चचा पहिला शुक्रवार हा जागतिक प्रार्थना दिन. 1887 साली अमेरिकेत मेरी जेम्स नावाच्या बाईंनी, नव्या देशात उतरलेल्या परक्या लोकांसाठी प्रार्थनेचा एक दिवस पाळायला सांगितलं, तिथून हे सुरू झालं. 1927 पासून तो जगभर होतो. दरवर्षी एका देशातल्या बायका उपासना लिहून देतात आणि दीडशेहून जास्त देशांत ती त्या-त्या भाषेत होते. त्या वर्षी ती तैवानच्या बायकांनी लिहिली होती. तिकडं ढाक्यात बंगालीत, इकडं आमच्या गावी मराठीत, एकाच दिवशी तीच उपासना. आपल्या गटांनी इतकी वर्षं एक ठराव तरी एका दिवशी केलाय का?

मग एका बाईंनी विचारलं, कुणाला काही मागायचंय का. मी उठून "मा... ऑपरेशन..." एवढंच म्हटलं. दोन्ही शब्द त्यांना कळले. आईचं नाव विचारलं, दोनदा वदवून घेतलं, तरी चुकीचंच उच्चारलं. मग मला म्हणाल्या, आता तू तुझ्या भाषेत कर. तिथं साडेअकरा झाले होते, आपल्याकडे अकरा. त्याच वेळी आईला आत नेलं होतं. माझ्या तोंडून चार वाक्यंसुद्धा धड निघाली नाहीत. शेजारची अनोळखी म्हातारी माझा हात धरून बसली ती संपेपर्यंत.

ऑपरेशन डॉक्टरांनी केलं, आई बरी आहे. प्रार्थनेनं काय झालं याचा हिशोब मी मांडत नाही. पण ते दोन तास मी एकटी नव्हते, एवढं नक्की.

लेकीला सांगायच्या दोन-तीन गोष्टी. दारातच आपलं नाव, गाव सांगावं, मागं गुपचूप बसून निघून येऊ नये. डोक्यावर पदर, चपला बाहेर की आत, हे इतर बायकांकडे बघून करावं. प्रभुभोजन असेल तर आधी विचारावं. कॅथलिक मिस्सात ते कॅथलिकांनाच देतात, इतर मंडळ्यांचे नियम वेगवेगळे. नाही म्हणाले तर राग धरू नये, जागेवर बसून प्रार्थना करता येते. आणि पासपोर्ट, पगार, मालकाचा त्रास असं काही असेल तर चर्चमधल्या जुन्या बायकांशी बोलावं. कुठं दाद मागायची ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

परत आल्यावर मात्र मला एक गोष्ट टोचायला लागली. आमच्या चर्चमध्ये हंगामात ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई येते, शेवटच्या बाकावर बसते, आशीर्वाद झाला की कोपीवर निघून जाते. तिचं ते तिसरं वर्ष होतं, आणि तिचं नाव मला माहीत नव्हतं. मी रोज बायकांच्या सह्या घेत फिरते, पण तिला कधी विचारलंच नाही! त्या रविवारी तिच्याशेजारी जाऊन बसले. काही मागायचंय का म्हटलं, तर म्हणाली, "पोरीचा ताप आठ दिवस उतरंना." उपासनेत पोरीचं नाव घेतलं, आणि सोमवारी सकाळी दोघींना गाडीवर बसवून उपकेंद्रात नेलं.