सिकलसेल, सातपुडा आणि हॉवर्ड विद्यापीठ

नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव, अक्कलकुवा भागात शिकवणाऱ्या शिक्षकांना एक प्रकारचा विद्यार्थी ओळखीचा असेल. थंडी पडली की त्याचे सांधे ठणकतात, डोळे पिवळसर दिसतात, कवायतीत तो लवकर थकतो आणि वारंवार गैरहजर राहतो. त्याला आळशी ठरवण्यापूर्वी त्याच्या रक्ताची तपासणी व्हायला हवी. कदाचित त्याला सिकलसेल असेल.

आपल्या रक्तातील तांबड्या पेशी गोल व लवचीक असतात. त्यांतील हिमोग्लोबिन हे प्रथिन प्राणवायू वाहून नेते. त्याच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले, तर प्राणवायू सोडल्यावर हे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे दोर बनतात. पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठर होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि वेदना सुरू होतात. सदोष जनुक एकाच पालकाकडून आले तर मूल केवळ वाहक असते. दोघांकडून आले तर ते रुग्ण होते. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्य रुग्ण असण्याची शक्यता चारांत एक असते.

वाहकाला हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते. म्हणून जेथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता, तेथे हे जनुक टिकून राहिले. सातपुड्यातील भिल्ल, पावरा समाजांत ते आढळते, तसेच पश्चिम आफ्रिकेतही. तेथून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर ते अमेरिकेत पोचले.

अमेरिकेत १९१० साली डॉ. जेम्स हेरिक यांनी या रोगाची नोंद केली. १९४९ साली लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचे दाखवले. पण बहुतेक रुग्ण कृष्णवर्णीय असल्याने त्यांच्याकडे दुर्लक्षच झाले. हा प्रश्न लावून धरणाऱ्यांत वॉशिंग्टनचे हॉवर्ड विद्यापीठ आघाडीवर होते. गुलामगिरी संपल्यावर दोनच वर्षांनी, १८६७ साली, मुख्यतः मुक्त झालेल्या लोकांच्या शिक्षणासाठी ते स्थापन झाले. तेथील बालरोगतज्ज्ञ डॉ. रोलंड स्कॉट यांनी १९४८ साली नवजात अर्भकांच्या रक्ताचा अभ्यास प्रसिद्ध केला. इतर बालरोगांच्या मानाने सिकलसेलला किती तुटपुंजा निधी मिळतो, हे त्यांनी १९७० साली दाखवून दिले. १९७२ साली तेथे सिकलसेल नियंत्रणाचा कायदा झाला. त्याच सुमारास हॉवर्डमध्ये या रोगाचे स्वतंत्र केंद्र उभे राहिले.

या विद्यापीठाची वाटचाल पुढेही चालू आहे. २०२५ साली त्याला अमेरिकेतील संशोधन विद्यापीठांची सर्वोच्च श्रेणी मिळाली. कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या संस्थांपैकी त्या वर्षीच्या यादीत या श्रेणीत ते एकटेच होते. त्याच्या पुरुष जलतरण संघाने २०२३ साली नॉर्थईस्ट कॉन्फरन्स ही आंतरविद्यापीठ स्पर्धा जिंकली; असे विजेतेपद ३४ वर्षांनी आले. ज्या समाजाला एके काळी सार्वजनिक तलावांत उतरू दिले जात नव्हते, त्याच्या मुलांचे हे यश आहे. महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास शिकवणाऱ्यांना त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

खेळाचा मुद्दा आपल्या शाळांसाठीही महत्त्वाचा आहे. वाहक विद्यार्थी खेळू शकतो; त्याला मैदानाबाहेर बसवू नये. मात्र उन्हात धावताना त्याला पुरेसे पाणी आणि मध्ये मध्ये विश्रांती मिळाली पाहिजे. रुग्ण विद्यार्थ्याने किती श्रम करावेत, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.

भारतात १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सोयी येत आहेत. आता प्रश्न विचारणारी माणसे हवीत. ज्याच्या घरात हे दुखणे आहे, तो विद्यार्थी उद्या प्रयोगशाळेत गेला तर संशोधनाला वेगळी धार येईल. स्कॉट यांच्या कामाने हेच दाखवले. दहावीला आनुवंशिकता शिकवताना मेंडेलच्या वाटाण्याबरोबर सिकलसेलचाही तक्ता फळ्यावर काढावा. त्याची सुरुवात तेथून होऊ शकते.