किरणोपचार, त्वचा आणि रुग्णेचे जीवन

गोडादऱ्यातील माझ्या दवाखान्यात काही वर्षांपूर्वी एक भगिनी आल्या. मूळ गाव धुळे जिल्ह्यात. घरबसल्या साड्यांना लेस लावण्याचे काम. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन पाच आठवड्यांच्या किरणोपचाराचा चौथा आठवडा चालू होता. ‘थोडी आग होते’ एवढीच त्यांची तक्रार. तपासले तेव्हा स्तनाखालच्या घडीत त्वचा सोलून ओली झालेली आढळली. ब्लाउज अंगाला सोसवेना, म्हणून चार दिवस त्या उपचारालाच गेल्या नव्हत्या. शिवाय ‘किरणे बाधतील’ या भीतीने घरचे नातवाला त्यांच्याजवळ फिरकू देत नव्हते. या दोन्ही गोष्टी मी विचारल्या, तेव्हाच कळल्या.

किरणे कर्करोगाच्या पेशींबरोबरच त्वचेच्या तळाच्या थरातील, सतत विभाजन पावणाऱ्या पेशींनाही इजा करतात. वरची त्वचा झिजत राहते. खालून नवी पुरेशी येत नाही. म्हणून बदल सहसा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिसू लागतात, उपचार संपल्यावर एक-दोन आठवड्यांत शिगेला पोहोचतात आणि त्यानंतर ओसरतात. बहुतेक रुग्णांना कमी-अधिक प्रमाणात हा त्रास होतो. आपल्या सावळ्या त्वचेवर लाली चटकन उमगत नाही. तेथे काळसरपणा, ऊब, ताण व वेदना पाहाव्यात.

परंतु त्वचेची प्रत ठरवली म्हणजे रुग्णेचे हाल कळले, असे नव्हे. कार्डिफच्या फिनले व खान यांनी १९९४ मध्ये त्वचाविकारांतील जीवनमान मोजण्यासाठी १० प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. खाज व वेदनांबरोबरच संकोच, घरकाम, कपडे, नोकरी, जवळची नाती यांविषयी त्यात विचारणा आहे. आपणही एवढे तरी विचारावे. झोप लागते का, हात वर उचलता येतो का, हेही त्यास जोडावे.

सल्ला साधा आहे. कोमट पाणी व सौम्य साबणाने स्नान चालते. मात्र घासू नये व आखलेल्या खुणा पुसू नयेत. सुगंधरहित मलम वापरावे. हळद, चुना किंवा दुकानातील मिश्र स्टेरॉइड मलमे स्वतःच्या मनाने लावू नयेत. पॉलिएस्टरच्या या शहरात सैल, मऊ सुती कपड्यांचा आग्रह धरावा लागतो. त्वचा ओली झाल्यास न चिकटणारी पट्टी लावून त्याच दिवशी किरणोपचार विभागाशी संपर्क साधावा. बाहेरून दिलेल्या किरणांचा अंश शरीरात उरत नाही. नातवाला खुशाल मांडीवर घ्यावे.

उपचारात खंड पडल्यास त्याचा प्रभाव घटू शकतो, हे रुग्णेस आरंभीच सांगावे. आता उपचाराचा कालावधीही आटोपशीर होत आहे. ब्रिटनमधील ‘फास्ट-फॉरवर्ड’ अभ्यासात (२०२०) २६ ग्रे मात्रा ५ भागांत, एका आठवड्यात देऊनही पाच वर्षांअखेर रोगनियंत्रण ४० ग्रे १५ भागांत देण्याइतकेच राहिले आणि तत्कालीन त्वचादाह सौम्य होता. कोणास काय योग्य, हे अर्थात किरणोपचारतज्ज्ञच ठरवतील.

त्या भगिनींच्या डॉक्टरांशी मी त्याच दिवशी दूरध्वनीवर बोललो. त्यांनी उपचार पूर्ण केला. कर्करोगतज्ज्ञाकडे रुग्ण ठरलेल्या वेळी जातो. रात्री आग झाली की मात्र तो गल्लीतल्या डॉक्टरांचे दार ठोठावतो. माझ्या व्यवसायबंधूंनी त्या दारात आणखी दोन प्रश्न विचारावेत, एवढीच नम्र विनंती.