खैराटच्या नोंदी, पुण्याचा फॉन्ट आणि बंद पडणारे विकी

घाटकोपरला संध्याकाळी कर्जत लोकलमध्ये शिरणं हा एक स्वतंत्र पराक्रम आहे. पण तीच गाडी जिथे संपते त्या कर्जत तालुक्यात, खैराट धनगरवाड्यावर, २००७ साली एक प्रयोग झाला. तो आज फार कुणाच्या लक्षात नाही. एकशिक्षकी शाळा, पहिली ते चौथीची वीसएक मुलं, आणि प्रत्येकाच्या हातात एक हिरवा-पांढरा लॅपटॉप. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या मोहिमेचा भारतातला हा पहिला प्रयोग. आदल्याच वर्षी केंद्राच्या मनुष्यबळ विकास खात्याने ही कल्पना नाकारली होती, म्हणजे खैराटला जे घडलं ते सरकारी योजनेच्या बाहेर घडलं.

त्या एक्सओ लॅपटॉपमध्ये २५६ एमबी रॅम, साठवणीला अवघं १ जीबी, आणि भर उन्हात वाचता येईल असा पडदा. विंडोज नाही. फेडोरा लिनक्सवर 'शुगर' नावाचं वेगळंच वातावरण चढवलेलं. त्यात फाइल आणि फोल्डर मुलांसमोर येतच नसत. मूल जे काही करेल ते 'जर्नल'मध्ये आपोआप नोंदवलं जाई, तारीखवार. घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडच्या पलीकडच्या टोकाला असलेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या संशोधकांनी या मुलांची निरीक्षणं केली. त्यांचे निबंध टिकतील, कारण निबंधांना ग्रंथालयं असतात. पण शाळेची रोजची हकीकत, कुठे अडलं, कुठे सुटलं, हे सांगण्याची जागा मोहिमेचा विकी ही होती. तिथे खैराटचं स्वतंत्र पान होतं.

विकी एका दिवसात बंद पडत नाही. आधी उत्साही माणसं नोकरीधंद्याला लागतात. मग जाहिरातबाज यंत्रं पानांवर कचरा टाकू लागतात, म्हणून नवी खाती उघडणं बंद केलं जातं. मग सर्व्हरवरची पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेची आवृत्ती बदलते आणि तिच्यावर चालणारी मीडियाविकी ही जुनी विकी-प्रणाली चालेनाशी होते. शेवटी डोमेनचं नूतनीकरण राहून जातं. खर्च म्हणाल तर फार नसतो. जबाबदारी घेणारं कुणी उरलेलं नसतं. पर्यायी ऑपरेटिंग सिस्टिमच्या जगात हे जास्त घडतं, कारण तिथे दुरुस्ती पुस्तिका, चालणाऱ्या हार्डवेअरच्या याद्या, भाषांतराचे संकेत हे सगळं हौशी मंडळींनीच लिहिलेलं असतं. कंपनी मागे नसते.

पुण्याचं उदाहरण अधिक बोलकं आहे. रेड हॅट या लिनक्स कंपनीने 'लोहित' हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट २००४ साली मुक्त परवान्याखाली खुले केले. मूळ आखणी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची. पुढे २००८ साली रेड हॅटच्याच पुण्यातल्या मंडळींनी 'फ्युएल' हा प्रकल्प सुरू केला. संगणकाच्या पडद्यावर वारंवार येणारे जवळपास सहाशे शब्द घ्यायचे, भाषेच्या जाणकारांना एकत्र बसवायचं, आणि एकेका शब्दावर एकमत करून यादी पक्की करायची. हिंदीनंतर मराठीही त्यात आली. लोहित आणि फ्युएल, दोन्ही फेडोराहोस्टेड या मुक्त प्रकल्पांना जागा देणाऱ्या स्थळावर नांदत होते. तिथे प्रत्येक प्रकल्पाला 'ट्रॅक' या प्रणालीतला विकी आणि तक्रारींची तिकिटं मिळत. २०१७ साली फेडोराहोस्टेड बंद झालं. पूर्वसूचना देऊन, रीतसर.

त्यातून काय वाचलं हे पाहण्यासारखं आहे. कोड वाचला, कारण कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटच्या एका आज्ञेत सगळा इतिहास उचलता येतो. तिकिटं आणि विकीसाठी मात्र वेगळी खटपट करावी लागत होती, आणि वेगळी खटपट म्हटलं की काय होतं हे मराठी वाचकाला सांगायला नको. मराठी भाषांतरं वाचली, कारण ती पीओ फाइलींत होती आणि पीओ फाइल मूळ प्रोग्रॅमबरोबर फिरते. अशी एखादी फाइल उघडून पाहा. वर भाषांतरकाराचं नाव, तारीख, अनेकवचनाचा नियम. मग दोन-दोन ओळींच्या जोड्या: वरची इंग्रजी, खालची मराठी. मूळ वाक्य बदललं की जुन्या भाषांतरावर 'फझी' असा शिक्का बसतो, म्हणजे कुणीतरी पुन्हा तपासा. म्हणजे एखाद्या शब्दाबाबत घेतलेला निर्णय जगभरच्या संगणकांत पोहोचला. तो का घेतला, कोण विरोधात होतं, कोणता पर्याय थोडक्यात हुकला, हे मात्र विकीच्या आणि तिकिटांच्या भरवशावर राहिलं. माझ्या मते वाचवायची खरी वस्तू हीच. यादी उद्या पुन्हा करता येईल, वाद पुन्हा घालता येणार नाही.

म्हणूनच पानांचे स्क्रीनशॉट काढून ठेवणाऱ्यांचा मला राग येतो. चित्रात शोध घेता येत नाही आणि संपादनांचा इतिहास तर नसतोच. जुनी वेबपानं साठवणाऱ्या वेबॅक मशीनचा आधार मोठा, पण त्याचा यंत्रमानव जिथवर पोहोचला तेवढंच तिथे सापडतं. जुन्या आवृत्त्या आणि चर्चापानं बहुधा निसटतात. मीडियाविकीवर चालणाऱ्या स्थळांसाठी विकीटीमच्या स्वयंसेवकांनी लिहिलेला डंपजनरेटर वापरावा. तो प्रत्येक पानाची प्रत्येक आवृत्ती, संपादकाच्या नावासह, एका एक्सएमएल फाइलीत उतरवतो आणि चित्रं वेगळी साठवतो. ट्रॅकवर पत्त्याच्या शेवटी जोड देऊन पान साध्या मजकुराच्या रूपात मागता येतं, आवृत्तीचा क्रमांकही देता येतो. काम कंटाळवाणं, पण स्थळ जिवंत आहे तोवरच शक्य. नावं जपण्यामागे नुसती कृतज्ञता नाही. अशा विकींवरचा मजकूर बहुधा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असतो आणि लेखकाचं श्रेय ही त्यातली अट असते. इतिहास गेला की पुनर्प्रकाशनाचा हक्कही डळमळतो. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाला ही काळजी नाही. त्याचे संपूर्ण इतिहासासह डंप नियमित निघतात आणि कुणालाही उतरवून घेता येतात.

मराठीची आणखी एक अडचण आहे. युनिकोडपूर्व काळातल्या पानांवर रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. पान वाचलं आणि फॉन्ट हरवला, तर हाती रोमन अक्षरांची खिचडी उरते. लिनक्सच्या बाजूला ही कोंडी फुटायला मुंबईचा हातभार लागला: जुहूच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संशोधन संस्थेतून अक्षररचनाकार र. कृ. जोशींचा 'रघू' हा युनिकोड फॉन्ट जीपीएल परवान्याखाली आला.  पण युनिकोडनेही सगळं सुटत नाही. मराठी वळणाचा ल आणि श, आणि हिंदीतले ल आणि श, यांचे क्रमांक एकच. वळण ठरवतो फॉन्ट. तेव्हा एक्सएमएलशेजारी फॉन्टची फाइलही ठेवावी. लोहित मुक्त परवान्याखाली आहे, २०११ पासून ओपन फॉन्ट लायसन्सखाली, त्यामुळे तो असा जवळ ठेवायला कुणाची आडकाठी नाही.

खैराटसारख्या पानांबाबत मात्र हात आखडता घ्यावा. शाळांच्या पानांवर मुलांचे फोटो असतात, कधी नावंही. ती मुलं आता तिशीकडे झुकलेली असणार, आणि पुन्हा प्रकाशित व्हायला त्यांची संमती कुणी घेतलेली नसते. पूर्ण प्रत संस्थेच्या कपाटात आणि फोटो वगळलेली प्रत सर्वांसाठी, एवढा भेद तरी पाळता येतो.

आणि जे सर्व्हरवरून गेलंच आहे त्याचं काय? ट्रॅकची एक सवय इथे कामाला येते. तिकिटावर कुणी उत्तर लिहिलं की संबंधितांना त्याची प्रत ईमेलने जात असे. म्हणजे पुण्यातल्या त्या चर्चांचे तुकडे सहभागी लोकांच्या जुन्या टपालपेट्यांत पडून असू शकतात. मात्र ज्यांनी कंपनीच्या पत्त्यावरून पत्रव्यवहार केला, त्यांनी नोकरी बदलली त्या दिवशी ती पेटी बंद झाली. ज्यांनी स्वतःचा खासगी पत्ता वापरला त्यांना आधी गाठायला हवं.